न ऐकता दिलेला निवाडा

लोकसभेपुढे आलेल्या अनुदानाच्या मागण्या चर्चेवाचून, एकगठ्ठा, आवाजी मतदानाने मंजूर करून घेण्याची जी वहिवाट आपल्याकडे रूढ झाली आहे आणि जिला संसदीय परिभाषेत ‘गिलोटिन’ असे नाव आहे, तिचे समर्थन अलीकडे शिकल्यासवरलेल्या मंडळींकडून इतक्या निश्चिंत मनाने केले जाते की, त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे हे मला कर्तव्य वाटू लागले आहे. येथे रेवदंड्यास झालेल्या एका बैठकीत, ज्यांच्या व्यासंगाविषयी माझ्या मनात आदर आहे अशा एका वयोवृद्ध गृहस्थांनी ही बाजू मोठ्या आत्मविश्वासाने मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की गिलोटिन हे एका तांत्रिक तरतुदीचे नाव आहे, त्यास बिचकण्याचे कारण नाही. सभागृहाजवळ वेळ मोजका असतो आणि राज्यकारभाराचा खर्च तर मुदतीत मंजूर व्हावाच लागतो. मागण्यांची छाननी स्थायी समित्या अगोदरच करीत असल्यामुळे सभागृहातील भाषणे ही पुनरुक्तीच ठरतात. आणि अखेर, आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांना पैसा हवा असतो, भाषणे नव्हेत. बैठकीतील बहुतेकांस हे पटले. ते पटावे याचेच मला विशेष दुःख झाले, आणि त्या दुःखातूनच हा लेख लिहीत आहे.

प्रथम वस्तुस्थिती. आपल्या संविधानाच्या ११३ व्या अनुच्छेदाने लोकसभेला असा अधिकार दिला आहे की, सरकारने खर्चासाठी केलेली प्रत्येक मागणी तिने मान्य करावी, नाकारावी किंवा तिच्यात कपात करावी. राज्यांच्या विधानसभांना हाच अधिकार २०३ व्या अनुच्छेदाने दिला आहे. लोकसभेच्या कामकाजाचा २०८ वा नियम सांगतो की, मागण्यांसाठी मुक्रर केलेल्या दिवसांपैकी अखेरच्या दिवशी नियत वेळ येताच अध्यक्षांनी उरलेल्या सर्व मागण्या मतास टाकून निकालात काढाव्यात. ही तरतूद आजची नाही. इंग्रजी अमदानीतील मध्यवर्ती विधिमंडळापासून ती चालत आली आहे. दरवर्षी सुमारे शंभर मागण्यांपैकी चारदोन खात्यांच्या मागण्यांवर बोलणे व्हावे आणि बाकीच्या या नियमाखाली जाव्यात, येथवर आपण पूर्वीच येऊन पोहोचलो होतो. पण २०१३ मध्ये, २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये असे घडले की, एकाही खात्याच्या एकाही मागणीवर चर्चा न होता साऱ्याच्या साऱ्या मागण्या या नियमाने मंजूर झाल्या. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे पंचेचाळीस लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प गदारोळात काही मिनिटांत संमत झाला. या तिन्ही प्रसंगी सत्तेवर एकच पक्ष नव्हता, म्हणून हा वाद एखाद्या पक्षाशी घातलेला नाही हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

आता नावाविषयी. नावावर माझा राग नाही. परंतु ज्या यंत्रावरून हे नाव आले, त्या यंत्राच्या इतिहासात आपल्या प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, आणि ते उत्तर नावाला किरकोळ म्हणणाऱ्यांनी एकदा डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे. १० ऑक्टोबर १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेपुढे डॉ. जोसेफ गिलोटिन या वैद्याने देहान्त शिक्षेच्या सुधारणेची सूचना मांडली ती दयाबुद्धीने व समतेच्या आग्रहाने मांडली होती. तोवर तेथे सरदाराला तलवार आणि सामान्याला फास अशी मरणातही पंक्तिभेदाची रीत होती, आणि चाकाला बांधून हाडे मोडण्यासारख्या यातना कायद्याने विहित होत्या. गिलोटिन यांचा आग्रह असा, की गुन्हा एक तर शिक्षाही एक असावी आणि ती यातनारहित असावी. यंत्राचा आराखडा केला तो आंत्वान लुई या शस्त्रवैद्याने, आणि पहिले यंत्र घडविले ते टोबियास श्मिट या, वाद्ये बनविणाऱ्या जर्मन कारागिराने. दोन उंच खांब, त्यांच्या आतल्या अंगास चरबी लावून गुळगुळीत केलेल्या खाचा, त्या खाचांतून घसरणारे तिरप्या धारेचे पाते, पात्याच्या माथ्यावर वेग यावा म्हणून बसविलेले वजन, खाली मान अडकविण्यासाठी दोन अर्धचंद्राकृती फळ्या आणि माणसाला आडवे सरकविण्यासाठी एक फिरती फळी: एवढेच ते यंत्र. २५ एप्रिल १७९२ रोजी पेल्तिये नावाच्या वाटमाऱ्यावर त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे २१ जानेवारी १७९३ रोजी खुद्द राजा सोळावा लुई त्याच पात्याखाली गेला, आणि १९७७ च्या सप्टेंबरात मार्सेय येथे अखेरची मान तुटेपर्यंत फ्रान्सने त्याचा वापर केला. १९८१ मध्ये तेथे देहान्त शिक्षाच रद्द झाली. डॉ. गिलोटिन हे स्वतःच्याच यंत्राखाली मेले अशी जी कथा आपल्याकडेही सांगितली जाते ती खोटी आहे. ते १८१४ मध्ये आजाराने वारले.

यंत्र म्हणून पाहिले तर ते ज्या हेतूने केले होते तो हेतू त्याने पुरा केला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मग त्याचे नाव उच्चारताच अंगावर काटा का उभा राहतो? त्याचे कारण पात्यात नाही. पात्यापर्यंत माणसाला नेणारी जी वाट होती तिच्यात आहे. १० जून १७९४ रोजी, म्हणजे क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे प्रेरियाल महिन्याच्या बावीस तारखेस, पॅरिसच्या क्रांतिकारी न्यायासनासाठी एक कायदा संमत झाला. आरोपीला वकील मिळणार नाही. न्यायासनाची मनोमन खात्री झाली असेल तर साक्षीदारांची गरज नाही. निकाल दोनच, मुक्तता किंवा मृत्यू. कायदा मांडणाऱ्या कूथोंचा आणि त्याला पाठिंबा देणाऱ्या रोबेस्पिएरचा युक्तिवाद हाच होता की शत्रू पुष्कळ आहेत, वेळ थोडा आहे आणि औपचारिकतेत राष्ट्राची हानी होते. त्यानंतरच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेंहून अधिक माणसे मारली गेली. पाते तेच होते, खांब तेच होते, वजन तेच होते. बदलले होते ते इतकेच, की आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याची पायरी काढून टाकली होती. आणि २८ जुलै १७९४ रोजी कूथों व रोबेस्पिएर यांना कायद्याबाहेरचे ठरवून पात्याखाली नेण्यात आले, तेव्हा त्यांना बोलू देण्याचा प्रश्नच उरला नव्हता. हीच ती माणसे एवढी ओळख पटविणे पुरेसे होते.

हे सारे परमुलखातले झाले असे कोणी म्हणेल, तर आपल्याच रायगड जिल्ह्याकडे पाहावे. सुधागडच्या परिसरात औंढे म्हणून गाव आहे. १६८१ मध्ये तेथे कटाच्या आरोपावरून छत्रपती संभाजी महाराजांच्या हुकुमाने ज्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले त्यांत शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हेही होते. बखरीची परंपरा सांगते की, त्यांचा अपराध नव्हता हे महाराजांच्या ध्यानी मागाहून आले आणि त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पुढे मराठी राज्याची जी निष्ठेने सेवा केली ती इतिहासाला ठाऊक आहे. ज्या राजाने पुढे स्वतः अनन्वित छळ सोसून धीराने मृत्यू पत्करला, त्याच्याविषयी हे लिहिताना आदर तिळमात्र कमी होत नाही. पण एवढा मोठा पुरुषही जेव्हा दुसरी बाजू ऐकण्यास थांबत नाही, तेव्हा अन्याय टळत नाही, एवढे त्यातून घेण्याजोगे आहे.

उलट, त्याच मराठी मुलखातील नित्याचा न्याय कसा चालत असे, हे जुन्या दप्तरांतून पाहावे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे अग्रवादी आणि पश्चिमवादी या दोघांकडून प्रथम राजीनामे व जामीनकतबे घेत. मग प्रत्येकाची तकरीर लिहून घेत, करीना, म्हणजे वादाची लेखी हकीकत, वाचून दाखवीत, एकमेकांस पुरशिसा होत, शेजारगावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या व बलुतेदारांच्या साक्षी होत, आणि त्यानंतरच महजर होऊन निवाडपत्र लिहिले जाई. या रीतीत विलंब होता, पक्षपात होता, जातीचा अहंकार तर पदोपदी होता. ती आदर्श होती असे मी म्हणत नाही. पण करीना न वाचता निवाडा केला तर तो निवाडाच नव्हे, ही जाणीव त्या लोकांना होती. अशा परंपरेत वाढलेल्या समाजाने राष्ट्राच्या सगळ्या जमाखर्चाचा निवाडा करीना न वाचता झालेला स्वस्थपणे पाहावा, हे मला असह्य वाटते.

आता प्रतिपक्षाच्या बाजूने जे न्याय्य आहे ते द्यावयास हवे. बहुमताला अखेर निर्णय घेण्याचा अधिकार असतो, आणि अल्पमताने नुसत्या कालहरणाने सभागृह ओलीस धरणे हाही अन्यायच आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटात हे हत्यार १८८७ मध्ये प्रथम उपसले गेले ते आयर्लंडच्या लोकांवर दडपशाहीचा कायदा लादताना त्यांच्या प्रतिनिधींची तोंडे बंद करण्यासाठी. एका पारतंत्र्यातील राष्ट्राविरुद्ध त्याचा जन्म झाला. परंतु सहाच वर्षांनी, १८९३ मध्ये, ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडच्याच स्वराज्याचे विधेयक पुढे नेण्यासाठी त्याचा अवलंब केला, आणि आपले दादाभाई नौरोजी त्या वेळी त्या सभागृहात सभासद होते. तेव्हा हे साधन सदैव अन्यायाच्याच बाजूने उभे राहते असा माझा दावा नाही. चर्चा भरपूर झाल्यावर, नवे बोलण्यासारखे काही उरलेले नसताना, ठरलेल्या घटकेस मत घ्यावे, यात वावगे काय आहे? माझा आक्षेप आहे तो चर्चेचा शेवट करण्यासाठी केलेल्या नियमाने चर्चेची जागाच घेतली याला.

वेळ नाही, हे कारण तर मुळीच टिकणारे नाही, कारण वेळ आकाशातून पडत नाही. तो सभागृहच स्वतःला देते किंवा नाकारते. १९५२ ते १९५७ या काळातील पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी १३५. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या बैठका २७४ झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. मधल्या काळात देशाची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली, खात्यांची संख्या वाढली, खर्चाचे आकडे तर ओळखू येणार नाहीत इतके फुगले. आणि घटला तो वेळ. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेण्यासाठी न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००२ मध्ये, लोकसभेने वर्षातून निदान १२० दिवस बसावे अशी शिफारस केली होती. ती शिफारस दप्तरात पडून राहिली. जे सभागृह स्वतःच्या हाताने वेळ कापून टाकते, त्यानेच मग वेळेच्या अभावाची सबब सांगावी, हे न्यायाला धरून नाही. यात विरोधी बाकांचीही कसूर आहे. घोषणा देत सभागृहाच्या मध्यभागी उतरणारा सभासद आपल्या मतदारसंघाच्या मागण्यांवर बोलण्याचा हक्क त्या घोषणेच्या मोबदल्यात विकत असतो. आणि २०२३ च्या त्या अधिवेशनात तर आरडाओरड दोन्ही बाकांवरून होत होती. सत्ताधाऱ्यांस गोंधळ सोयीचा आणि विरोधकांस तो भूषणाचा, असे झाल्यावर रयतेची बाजू मांडावी कोणी?

स्थायी समित्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. १९९३ पासून खात्यांशी निगडित अशा समित्या अस्तित्वात आल्या आणि त्यांतील सभासद पक्षाभिनिवेश बाजूस ठेवून पुष्कळदा कष्टाचे काम करतात, हे खरे आहे. परंतु या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. त्यांच्यापुढे मंत्री येत नाहीत, अधिकारी येतात. त्यांचे अहवाल सल्ल्याच्या स्वरूपाचे असतात आणि सरकारवर बंधनकारक नसतात. मंत्र्याने उभे राहून, सर्व देशाच्या देखत, अमुक रक्कम अमुक कामी का हवी आणि गेल्या वर्षीची का खर्च झाली नाही याचा जाब देणे ही गोष्ट वेगळी, आणि समितीच्या खोलीत सचिवाने आकड्यांचा तक्ता सादर करणे ही गोष्ट वेगळी. समितीचा अहवाल हा चर्चेचा पाया आहे. पाया घातला म्हणून घर बांधण्याचे कारण उरले नाही, असा युक्तिवाद कोणी करील काय?

पण या साऱ्याहून ज्या मुद्द्याने मी खरोखर व्यथित झालो तो अखेरचा: किनाऱ्यावरच्या माणसाला पैसा हवा, भाषणे नव्हेत. पैसा आणि भाषण यांचा संबंध तुटलेला आहे, असे हे विधान गृहीत धरते. आणि कोकणातल्या माणसाने तरी ते गृहीत धरू नये, कारण त्याचा स्वतःचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो.

गुहागराजवळच्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास मध्यवर्ती विधिमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलण्यास उभे राहिले, तेव्हा त्यांना अधिकार कोणता होता? १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती. मत देण्याची नव्हती. एका पैचीही कपात करण्याचे सामर्थ्य त्या सभेत नव्हते, सरकारी बहुमत निश्चित होते, आणि भाषण संपल्यावर सरकार आपल्या मनासारखे करणार हे सर्वांना ठाऊक होते. असे असूनही गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सरकारला दाखवून दिले की, तिजोरीत शिल्लक पडते आहे ती गरिबाच्या पोटातून काढलेली आहे. आणि मिठावरचा कर कमी करा अशी मागणी केली. त्या वेळी मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया, आणि १९०७ मध्ये एक रुपया. हे एकट्या गोखल्यांमुळे घडले असे इतिहासाचा अभ्यासक म्हणणार नाही. परंतु वर्षामागून वर्षे उभ्या राहिलेल्या त्या अभ्यासपूर्ण भाषणांचा त्यात वाटा नव्हता, असेही कोणी म्हणू शकणार नाही. ज्या किनाऱ्यावर मासळी खारवून सुकविली जाते आणि ज्याच्या उत्तरेस पेण-उरणपर्यंत मिठागरे पसरली आहेत, त्या किनाऱ्यास मिठाच्या कराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गोखल्यांना मताविना वाणी होती, आणि तेवढ्या वाणीच्या बळावर त्यांनी परक्या सरकारला हलविले. आपल्या आजच्या प्रतिनिधींना मत आहे, संपूर्ण आणि निर्णायक मत आहे. वाणी त्यांनी सोडून दिली आहे. स्वातंत्र्याने जे मिळाले त्यात गोखल्यांजवळ होते तेही गमावले जावे, ही माझ्या दृष्टीने लहानसहान हानी नव्हे.

दुसरे उदाहरण आमच्याच अलिबाग तालुक्यातील. चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खारपट्टीतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. जमीन पडीक राहिली, घरात दाणा उरला नाही, माणसे लाकूडफाटा विकून जगली. त्यांनी हे सारे सोसले ते कशासाठी? त्यांची फिर्याद कोठेतरी ऐकली जावी म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, आणि १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. बाबासाहेबांचे विधेयक संमत झाले नाही. पण ते सभागृहात मांडले गेले, खोताच्या जुलमाची हकीकत तेथे उच्चारली गेली आणि सरकारला तिची दखल घ्यावी लागली. ज्या तालुक्याने विधिमंडळाच्या दारापर्यंत आपला आवाज पोहोचविण्यासाठी सहा वर्षे उपास काढले, त्या तालुक्यात आज कोणी सुशिक्षित गृहस्थ म्हणतो की चर्चा नको. तेव्हा चरीच्या त्या माणसांची मला आठवण होते.

आता रेवदंड्याच्या वाडीत या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. नारळ मुळासकट उपटले, सुपाऱ्या कमरेत मोडून पडल्या, आणि वर्षानुवर्षांची सावली गेल्यामुळे खाली लावलेल्या मिरवेली व जायफळाची रोपे उन्हाने करपली. आमच्याकडची वाडी हेक्टरांत नसते, गुंठ्यांत असते. दहावीस गुंठ्यांत नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरी किंवा पानवेल, मधल्या मोकळ्या जागेत केळी, अशी ती एकावर एक रचलेली शेती आहे, आणि सुपारीचे नवे झाड फळावर येण्यास सहासात वर्षे सहज लागतात. नुकसानभरपाईचे मोजमाप मात्र हेक्टरी होते. ज्या हिशेबाने घाटावरच्या एकपिकी शेताची भरपाई ठरावी, त्याच हिशेबाने वाडीची ठरली, तर गुंठ्यांच्या मालकाच्या हाती येते ती रक्कम पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याच्या मजुरीलाही पुरत नाही. म्हणूनच त्या वेळी किनाऱ्यावरून झाडागणिक भरपाईची मागणी झाली. हे निकष कोण ठरवितो? केंद्राच्या आपत्तिनिवारणाचे निकष केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीत आहेत. त्या खात्याच्या मागणीवर शंभर रुपयांची नाममात्र कपातसूचना देऊन, हेक्टर आणि झाड यांतला हा फरक पाच मिनिटे बोलून दाखविण्याचा हक्क आपल्या खासदारास आहे. संसदीय पद्धतीत शंभर रुपयांची कपातसूचना याच कामासाठी, म्हणजे एका विशिष्ट तक्रारीकडे मंत्र्याचे लक्ष ओढण्यासाठी, ठेवलेली आहे. ती मागणी गिलोटिनखाली गेली की तिच्यावरील सगळ्या कपातसूचनाही तिच्याबरोबरच जातात. वाडीतल्या माणसाची हकीकत कोणी खोडून काढली नाही, कोणी फेटाळली नाही. ती कोणी ऐकलीच नाही. पैसा कमी आला तो म्हणून.

अशीच गोष्ट पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील आमच्या कोटाची. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे पाय रोवला, १५२४ पर्यंत कोट उभा केला, १५७०-७१ चा निजामशाहीचा वेढा त्यांनी परतविला, आणि वसई पडल्यानंतर १७४० च्या तहाने तो मराठ्यांकडे आला. आज त्या तटाच्या सांध्यांत वडा-पिंपळाची मुळे शिरली आहेत, दर पावसाळ्यात चिरे ढासळतात, आणि सातखणी मनोऱ्याचे काही खण तर कधीच कोसळले आहेत. मच्छीमारांच्या डिझेल परताव्याची थकबाकी, खारबंदिस्तीच्या बांधांना पडलेली खांडे, खाडीच्या मुखाशी साचणारा गाळ यांतील कित्येक बाबी राज्याच्या मागण्यांत येतात, आणि तेथेही उरलेल्या मागण्या अखेरच्या दिवशी एकत्र निकालात निघतात. या प्रत्येक बाबीस कोठे ना कोठे एक मागणी क्रमांक आहे. तो क्रमांक पुकारला जाण्यापूर्वी कोणीतरी उभे राहून बोलले पाहिजे, एवढेच काय ते मागणे आहे.

कुंडलिका जेथे समुद्रास मिळते तेथे रेवदंडा वसला आहे, आणि त्याच नदीकाठी वर रोह्यास चिंतामणराव देशमुख यांचे बालपण गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ या काळातील देशाचे अर्थमंत्री आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे तुमच्याआमच्या आजोबांच्या मतांनी, निवडून आलेले खासदार. १९५६ च्या जुलैत त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि त्याची कारणे लोकसभेत उभे राहून सांगितली. त्यांचा एक प्रमुख आक्षेप असा होता की, मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न होता जाहीर केला गेला. दुसरा असा, की मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. दोन्ही आक्षेपांचा गाभा एकच आहे: ज्यांचे म्हणणे ऐकणे प्राप्त होते ते ऐकले गेले नाही. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती होत्या त्या माणसाने त्या किल्ल्या खाली ठेवल्या त्या या कारणासाठी, ही गोष्ट पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याने विसरू नये.

माझे मागणे मोठे नाही. लोकसभेच्या २०८ व्या नियमात अशी दुरुस्ती व्हावी की, मागण्यांसाठी ठरविलेले तास प्रत्यक्ष चर्चेत खर्च झाल्याखेरीज उरलेल्या मागण्या एकत्र मतास टाकता येऊ नयेत, आणि गदारोळाने तहकूब झालेला प्रत्येक तास अधिवेशन वाढवून भरून काढावा. राज्याच्या विधानसभेनेही आपल्या नियमांत तशीच तजवीज करावी. बैठकांची किमान संख्या १२० ही कायद्याने बांधून घ्यावी. हे होईपर्यंत वाचकांस माझी विनंती आहे: पुढील निवडणुकीत मत मागण्यास जो येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्यास विचारा की गेल्या पाच वर्षांत अनुदानाच्या कोणत्या मागणीवर आपण बोललात, कोणती कपातसूचना दिलीत आणि त्या दिवशी सभागृहात आपण काय करीत होतात. लोकसभेच्या कामकाजाची मुद्रित इतिवृत्ते कोणासही पाहता येतात. तेव्हा त्याचे उत्तर ऐकून घ्या, आणि ते इतिवृत्ताशी ताडून पाहा.